शटर खाली आणि कपाटात २३ हजारांची व्हाउचरं

प्रश्न : मे महिन्यात माझ्या मुलीचं लग्न विट्यात झालं. ‘भांडी नकोत, व्हाउचर द्या’ असं आम्हीच सगळ्यांना सुचवलं होतं. शाळेतल्या सहकाऱ्यांनी मिळून सांगलीच्या एका कापड दुकानाची १,००० रुपयांची ८ व्हाउचरं दिली. दुकानात तेव्हा व्हाउचरवरही सवलत होती, त्यामुळे ती ७,२०० रुपयांत पडली. पैसे आमच्या एका सरांच्या यूपीआयवरून गेले. पुण्याच्या भावाने देशभर शाखा असलेल्या एका साखळी दुकानाचं १०,००० रुपयांचं गिफ्ट कार्ड त्याच्या क्रेडिट कार्डावर घेऊन पाठवलं. जावयांच्या काकांनी बँकेचं ५,००० रुपयांचं गिफ्ट कार्ड दिलं. आता ऑगस्ट उजाडला. कापड दुकानावर तीन आठवडे ‘नूतनीकरणासाठी बंद’ असा कागद आहे. साखळी दुकानाची सांगलीची शाखा बंद झाली. कोल्हापूरची चालू आहे, पण तिथं ‘कार्ड चालणार नाही’ म्हणतात. कंपनी एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं चालतात त्या न्यायाधिकरणात गेली अशी चर्चा आहे. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत मिळतात, तसं यात काही असतं का? पोलिसांत जावं का? ओळखीचा एक सेल्समन म्हणतो, मागच्या दाराने माल काढून देतो. बँकेचं कार्ड तर भीतीने वापरलेलंच नाही. आणि ज्यांनी प्रेमाने दिलं त्यांना हे कळवायचं तरी कसं?
– एक शिक्षिका, विटा

उत्तर : ताई, संकोच राहू द्या आणि बाकीचं वाचायच्या आधी पुण्याच्या भावाला फोन लावा. त्या १० हजारांचे पूर्ण पैसे परत मिळायची खरी वाट एकच आहे, आणि ती तुमच्या नव्हे, त्याच्या हातात आहे. ती म्हणजे क्रेडिट कार्डाचं चार्जबॅक, कार्डाच्या बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत मागणं. ही तक्रार फक्त कार्डधारक करू शकतो आणि तिला मुदत असते. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत ती साधारण १२० दिवसांची. माल मिळणार नाही हे ज्या दिवशी कळलं तिथून ती मोजता येते, पण कॉल सेंटरवरचा माणूस पुष्कळदा व्यवहाराच्या तारखेपासूनच मोजतो. मे महिन्यातला व्यवहार असेल तर त्या हिशेबाने जेमतेम महिना उरला आहे. नियमाचा अर्थ काढत वाद घालण्यापेक्षा त्याच्या आत अर्ज टाकलेला बरा.

दुकान बुडालं तरी चार्जबॅक चालतं, याचं कारण पैसे दुकानाच्या गल्ल्यातून येत नाहीत. भावाची बँक ते दुकानाच्या बँकेकडून मागते, म्हणजे ज्या बँकेने दुकानाला कार्डाने पैसे घ्यायची सोय दिली होती तिच्याकडून. दुकानाच्या खात्यात काही उरलं नसेल तर फटका त्या बँकेला बसतो. साहजिकच ती बँक अर्जात खोट शोधते, आणि व्हाउचरच्या बाबतीत तिला एक खोट नेहमी सापडते: ‘गिफ्ट कार्ड विकत घेतलं, गिफ्ट कार्ड मिळालं, मग तक्रार कसली?’ याचं उत्तर अर्जात आधीच लिहून टाका. कार्ड ही वस्तू नव्हती, मालासाठी भरलेली आगाऊ रक्कम होती. अमुक तारखेला अमुक शाखेने माल द्यायला नकार दिला. तो नकार तोंडी ठेवू नका. कोल्हापूरच्या शाखेत सूचना लावली असेल तर तिचा फोटो घ्या. कंपनीच्या ग्राहक सेवेला एक ईमेल करा: ‘कार्ड क्रमांक अमुक, शिल्लक १०,००० रुपये, आपण ते स्वीकारता का?’ उत्तर आलं नाही तरी पाठवलेला मेल पुरावा म्हणून चालतो. सोबत खरेदीचा मेल आणि कार्ड स्टेटमेंटचं ते पान जोडायला भावाला सांगा.

आणि कार्डावरची शिल्लक दाखवणारा स्क्रीनशॉट आजच घ्या. गिफ्ट कार्डाच्या प्लास्टिकमध्ये पैसे नसतात, ती रक्कम कंपनीच्या सर्व्हरवरची एक नोंद असते. कंपनी ढासळू लागली की भाडं थकलेल्या शाखांबरोबर ही सर्व्हरची सेवाही कधीतरी बंद पडते, आणि मग तुमच्या कार्डात १० हजार होते की दहा रुपये, हे सिद्ध करणं तुमच्यावर येतं.

स्टेटमेंटवर नाव कोणाचं आहे तेही भावाला बघायला सांगा. कार्ड एखाद्या ॲपवरून किंवा दुसऱ्याच संकेतस्थळावरून घेतलं असेल तर विक्रेता म्हणून त्या ॲपचं नाव दिसेल. ॲपने आपलं काम, म्हणजे कोड पोहोचवणं, केलेलं असतं. अशा वेळी चार्जबॅक कमकुवत होतं. तरीही अर्ज करावाच, आणि ॲपकडे वेगळी तक्रार टाकावी. बँकेने अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस झाले आणि उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

आता विम्याचं. तुमच्या भागात हा प्रश्न मनात येणं स्वाभाविकच आहे. कराड जनता बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये रद्द केला आणि ‘ठेव विमा’ हा शब्द साताऱ्या-सांगलीच्या घराघरांत पोहोचला. पण ५ लाखांचं ते संरक्षण ठेव विमा महामंडळाचं आहे, ते बँकेतल्या ठेवींना लागू होतं. दुकानाला दिलेले पैसे ठेव नव्हेत. व्हाउचर घेणं म्हणजे दुकानदाराला बिनव्याजी, बिनतारण उसने पैसे देणं, आणि उसने दिलेले पैसे घेणारा बुडाला की जसे अडकतात तसेच हे अडकतात. रिझर्व्ह बँकही यात पडत नाही. जे कार्ड फक्त जारी करणाऱ्याच्याच दुकानात चालतं, त्याला तिची परवानगी लागत नाही आणि त्याचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचं बंधनही नाही. भावाचे १० हजार ज्या दिवशी जमा झाले, त्याच दिवशी ते कुणाच्या तरी पगारात नाहीतर वीजबिलात गेले असतील.

म्हणून पहिलं काम, पैसे नक्की कोणाकडे अडकले आहेत ते शोधणं. तुमची दोन्ही दुकानं बंद दिसतात म्हणून दोन्हींचा मार्ग एकच, असं नाही.

साखळी दुकानापासून सुरुवात करू. ‘एनसीएलटीत गेली’ या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कुणीतरी अर्ज दाखल केला, एवढाच अर्थ असेल तर अजून काहीच झालेलं नाही. १ कोटी किंवा त्याहून जास्त थकवणाऱ्या कंपनीविरुद्ध असा अर्ज होऊ शकतो, आणि तो महिनोन् महिने पडूनही राहतो. तोपर्यंत कंपनी नेहमीसारखी जबाबदार आहे, कार्ड नाकारायचा तिला काही अधिकार नाही. अशा वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली तर चालू कंपनी बऱ्याचदा हलते. अर्ज दाखल करून घेण्याचा आदेश झाला असेल तर मात्र चित्र पालटतं. त्या दिवसापासून २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ प्रमाणे स्थगिती लागते. कंपनीविरुद्ध नवा दावा, ग्राहक आयोगातली तक्रार, वसुली, सगळं थांबतं. संचालक मंडळाचे अधिकार जातात आणि कारभार न्यायाधिकरणाने नेमलेल्या रिझोल्युशन प्रोफेशनलकडे येतो. कोल्हापूरचा मॅनेजर ‘वरून आदेश आहे’ म्हणतो, तो ‘वर’ बहुधा हाच.

कोणता अर्थ खरा, हे अर्ध्या तासात कळतं. गिफ्ट कार्डाच्या मागे बारीक अक्षरात जारी करणाऱ्या कंपनीचं पूर्ण नाव असतं. पाटीवरचं नाव नव्हे, हे नाव महत्त्वाचं. काही समूहांत दुकानं चालवणारी कंपनी एक आणि कार्ड काढणारी दुसरीच असते. ते नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ‘कंपनी मास्टर डेटा’मध्ये टाका. नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि कंपनीची सद्यस्थिती तिथं दिसते. नादारीची प्रक्रिया सुरू असेल किंवा कंपनी अवसायनात असेल, म्हणजे मालमत्ता विकून ती गुंडाळली जात असेल, तर तसं लिहिलेलं असतं. मग दिवाळखोरी मंडळाच्या, म्हणजे आयबीबीआयच्या संकेतस्थळावर ‘जाहीर सूचना’ या भागात तेच नाव शोधा. ही सूचना वर्तमानपत्रांतही येते, एक इंग्रजी आणि एक प्रादेशिक भाषेतलं, पण कंपनीची कार्यालयं जिथं असतात तिथलं. मुंबई किंवा बंगळुरूच्या आवृत्तीतली सूचना विट्यात कुणाच्या डोळ्यांपुढं येणार! त्यामुळे संकेतस्थळावरच भिस्त ठेवा.

कोल्हापूरची शाखा कंपनीची की फ्रँचायझी, हेही बघून घ्या. तिथल्या कुठल्याही बिलावर मालकाचं कायदेशीर नाव असतं. फ्रँचायझी असेल तर तो बिचारा वेगळाच व्यापारी आहे. त्याने कार्ड घेतलं तर त्याचे पैसे कंपनीकडून वळते होणार नाहीत, म्हणून तो नकार देतो. त्याच्याशी भांडून उपयोग नाही. उलटी परिस्थितीही असते: गावातली फ्रँचायझी बंद पडते, मूळ कंपनी ठणठणीत असते आणि कार्ड पुण्यात निमूट चालतं. सांगलीचं शटर खाली आलं म्हणून कार्ड बुडालं असं धरून बसणारे याच कारणाने फसतात.

समजा आदेश झालेला आहे. मग तुम्ही त्या कंपनीच्या धनको झालात आणि धनकोने दावा दाखल करायचा असतो. चार्जबॅकचा अर्ज केला असला तरी हा दावाही करावा. पुढं चार्जबॅक मिळालंच तर तसं कळवून दावा मागं घ्यायचा, दोन्हीकडून पैसे घ्यायचे नाहीत. मालासाठी आगाऊ पैसे दिलेला ग्राहक ऑपरेशनल क्रेडिटर, म्हणजे माल-सेवेच्या व्यवहारातला धनको, धरता येतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये हिट्रो एनर्जीच्या प्रकरणात आगाऊ रकमेबद्दल तसा निकाल दिला आहे. म्हणून फॉर्म ‘बी’ वापरायचा. तो आयबीबीआयच्या संकेतस्थळावर मिळतो, भरायला शुल्क नाही, आणि वकीलही लागत नाही. ओळखपत्र म्हणून पॅन, आधार किंवा मतदार ओळखपत्र चालतं. रक्कम १०,००० लिहा, व्याज लावू नका. ‘कर्ज कसं आणि केव्हा निर्माण झालं’ या रकान्यात कार्ड क्रमांक, खरेदीची तारीख, कोणी घेऊन कोणाला दिलं आणि नकाराची तारीख, एवढं चार ओळींत लिहा. बँक खात्याचा तपशील द्या. तो चुकला तर मिळायचे तेही पैसे परत जातात. शेवटी प्रतिज्ञापन आणि पडताळणी अशा दोन जागा असतात. लोक एकावर सही करतात आणि दुसरी तशीच सोडतात. जाहीर सूचनेत दिलेल्या ईमेलवर सगळं एकाच पीडीएफमध्ये पाठवा. पोस्टानेही पाठवता येतं, पण ईमेलला तारखेचा पुरावा आपोआप मिळतो.

मुदत सूचनेत छापलेली असते, नेमणुकीपासून १४ दिवसांची. ती हुकली तरी हात टेकू नका, कारण नियमांप्रमाणे प्रक्रिया सुरू झाल्यापासून ९० दिवसांपर्यंत दावा स्वीकारता येतो. उशिराचं कारण एका वाक्यात लिहायचं. कंपनी पुढं अवसायनात निघाली तर अवसायक पुन्हा दावे मागवतो आणि त्यासाठी ३० दिवस असतात.

मिळेल काय? खरं सांगायचं तर फारसं नाही. अवसायनात पैसे वाटायचा क्रम कलम ५३ मध्ये ठरलेला आहे. सगळ्यांत आधी प्रक्रियेचाच खर्च. मग कामगारांची मागची २४ महिन्यांची देणी आणि तारण असलेल्या बँका. मग इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे पगार, मग विनातारण कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था, मग सरकारी देणी. त्यानंतर ‘उरलेली देणी’, तिथं माल पुरवणाऱ्यांच्या गर्दीत व्हाउचरवाले. तुमच्या मागे फक्त भागधारक. साखळी दुकानांकडे स्वतःच्या इमारती क्वचित असतात. जागा भाड्याच्या, माल उधारीचा, त्यामुळे विकायला रॅक, फ्रीज आणि नाव एवढंच राहतं. बिग बझार चालवणाऱ्या फ्यूचर रिटेलचं उदाहरण ताजं आहे. जुलै २०२२ मध्ये ती नादारीत दाखल झाली, घेणारा मिळाला नाही आणि जुलै २०२४ मध्ये अवसायनाचा आदेश निघाला. दोन वर्षं गेली, आणि ती केवळ इथवर पोहोचायला.

तरीही दावा दाखल कराच, असं आम्ही आग्रहाने सांगू, आणि कारण वेगळं आहे. कंपनी दुसऱ्या कुणी विकत घेतली आणि ठराव योजना, म्हणजे जुनी देणी कशी भागवायची याची योजना, मंजूर झाली, की त्या योजनेत नसलेली सगळी जुनी देणी कायद्याने संपतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात हे स्पष्ट केलं. म्हणजे वर्षभराने तीच पाटी, तोच रंग, नव्या मालकाचं दुकान उघडेल आणि तुमचं कार्ड मात्र मेलेलं असेल. नवा मालक सदिच्छा म्हणून जुनी कार्डं घेऊ शकतो, पण ते त्याच्या मर्जीवर. ब्रिटनमध्ये एचएमव्ही ही संगीत-चित्रपटांची साखळी जानेवारी २०१३ मध्ये प्रशासकांच्या ताब्यात गेली. त्यांनी आधी व्हाउचर नाकारली, लोकांनी गिल्ला केला आणि आठवड्याभरातच ती पुन्हा घ्यायला सुरुवात झाली. अमेरिकेत बेड बाथ अँड बियाँडने २३ एप्रिल २०२३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि गिफ्ट कार्डांना ८ मेपर्यंतची मुदत दिली, जेमतेम पंधरा दिवस. नंतर कार्ड घेऊन गेलेल्यांच्या हाती काही लागलं नाही. तुमच्या कंपनीनेही अशी खिडकी उघडली तर ती लहानच असेल. तिच्या संकेतस्थळावर आठवड्यातून एकदा नजर टाका.

आता सांगलीचं कापड दुकान. रक्कम लहान आहे, पण वसुलीची आशा इथंच जास्त.

सहकाऱ्यांकडून किंवा घरातल्या कुणाकडून त्या दुकानाचं एखादं जुनं बिल मिळवा. त्यावर १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे २७, म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरं मालकाचा पॅन. आता सुरुवातीपासून सहावं अक्षर बघा. ‘पी’ असेल तर दुकान एका व्यक्तीच्या नावावर आहे, ‘एच’ असेल तर एकत्र कुटुंबाच्या, ‘एफ’ म्हणजे भागीदारी, ‘सी’ म्हणजे कंपनी. तोच क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर ‘करदाता शोधा’ इथं टाकला की कायदेशीर नाव, व्यवसायाचा प्रकार आणि नोंदणी चालू की रद्द, हे तारखेसह दिसतं. ‘नूतनीकरण’ चालू असलेल्या दुकानाची नोंदणी मालकाने जूनमध्येच रद्द करून घेतलेली निघाली, तर त्या कागदाची किंमत तुम्हाला कळेलच.

शटरवरचे बाकीचे कागदही वाचा. बँकेने सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी तारण जप्त करायच्या कायद्याखाली, ताबा घेतला असेल तर तशी सूचना चिकटवलेली असते. त्यात कर्जदाराचं आणि जामीनदारांचं नाव आणि थकीत रक्कम लिहिलेली असते. फोटो काढून ठेवा; असे कागद चार दिवसांत फाटतात.

मराठी मुलखातली बहुतेक कापड दुकानं ‘पी’ किंवा ‘एफ’ निघतात, आणि तुमच्या दृष्टीने हे चांगलं आहे. कंपनी बुडाली तर देणं कंपनीपुरतं राहतं. एकट्या मालकाचं दुकान असेल तर त्याचं घर, शेत, गाडी, सगळं देण्याला बांधील असतं. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदार पूर्ण रकमेला जबाबदार असतो, त्यामुळे जो सापडेल त्याला धरता येतं. आणि दुकान बंद केल्याने आपोआप कसली स्थगिती लागत नाही. मालकाने जिल्हा न्यायालयात नादार ठरवून घ्यायचा अर्ज केला तरच अडथळा येतो.

आधी माणसामार्फत निरोप धाडा. दुकान बंद असलं तरी माल कुठल्या तरी गोडाऊनमध्ये असतो, आणि रोख देण्यापेक्षा साड्या देणं मालकाला सोपं जातं. देत असेल तर घ्या. रंग आवडला नाही, काठ जुन्या पद्धतीचे आहेत, तरी घ्या. फक्त बिल घ्या आणि त्यावर ‘व्हाउचर क्रमांक अमुक ते अमुक वळते केले’ असं लिहून घ्या. सेल्समनच्या मागच्या दाराला मात्र हात लावू नका. मालकाने बिलाने दिलेला माल ही परतफेड, नोकराने परस्पर काढलेला माल ही चोरी, आणि माल तुमच्या घरात सापडणार. साखळी दुकानाच्या बाबतीत तर तो माल आता सगळ्या धनकोंचा आहे.

निरोपाने काम झालं नाही तर १५ दिवसांची लेखी नोटीस. ती वकिलाचीच असावी असं काही नाही. मालकाच्या दुकानाच्या आणि घराच्या, दोन्ही पत्त्यांवर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोच झाल्याचा ट्रॅकिंगचा कागद छापून ठेवा. दुकानाच्या पत्त्यावरची नोटीस ‘बंद’ शेऱ्याने परत आली तर पाकीट फोडू नका, तसंच जोडा. ८ व्हाउचरांच्या दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स काढा. बिल थर्मल कागदावरचं असेल तर त्याचीही, कारण ती शाई काही महिन्यांत उडते. सरांच्या यूपीआय ॲपमधून त्या व्यवहाराची पावती काढून घ्या. तिच्यावरचा १२ आकडी संदर्भ क्रमांक आणि पैसे कोणाच्या नावे गेले ते नाव, दोन्ही हवीत. यूपीआयने दिलेले पैसे चार्जबॅकसारखे परत मिळवायची आशा धरू नका. ॲपमधली तक्रार मुख्यतः पैसे कापले पण पोहोचले नाहीत अशा व्यवहारांसाठी असते, तुमचे तर पोहोचले.

मग सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही, ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथं राहतो तिथल्या आयोगात तक्रार करायची मुभा दिली आहे. पैसे तुम्ही दिले नाहीत ही शंका मनात आणू नका. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वापरणारा हाही कायद्याने ग्राहकच. तरी तक्रारदार म्हणून तुमच्याबरोबर त्या सरांचंही नाव घातलं तर समोरच्या वकिलाचा पहिला आक्षेपच गळून पडतो. म्हणूनच सहकाऱ्यांना कळवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि यात तुमच्या मानापमानाचं काही नाही. त्यांचेही पैसे अडकले आहेत. विरुद्ध पक्षकार म्हणून दुकानाची पाटी लिहू नका, मालकाचं नाव लिहा: ‘श्री. अमुक, अमुक वस्त्रालयाचे मालक’. पाटीविरुद्ध मिळालेला आदेश बजावायला गेलं की पाटी जागेवर नसते. मागणी ८,००० रुपयांचा माल किंवा ७,२०० रुपयांचा परतावा, त्यावर व्याज आणि तक्रारीचा खर्च. कायद्याने तीन महिन्यांत निकाल अपेक्षित आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात. पण आदेश झाल्यावर तो न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली १ महिना ते ३ वर्षं कैद किंवा किमान २५ हजार दंड होऊ शकतो. त्या कलमाची नोटीस हाती पडली की बरेच जण पैसे आणून देतात. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

पोलिसांचं म्हणाल तर नुसतं दुकान बंद पडणं हा गुन्हा नाही; ठाण्यात ‘हे दिवाणी आहे’ असं सांगतील आणि ते बरोबरच असेल. फसवणूक ठरायला पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता हे दिसावं लागतं. तुमच्या पत्रातला एक तपशील मात्र लक्ष वेधतो. दुकानं कपड्यांवर सूट देतात. १,००० रुपयांचं व्हाउचर ९०० ला विकणारा दुकानदार सहसा माल खपवत नसतो, रोख गोळा करत असतो. त्या काळात पुरवठादारांनी माल बंद केला होता, जागामालकाची नोटीस लागली होती, नोंदणी रद्द करायचा अर्ज गेला होता, असं काही तारखांसह हाती लागलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार उभी राहू शकते. अशी व्हाउचरं घेतलेले आणखी पाच-दहा जण शोधलेत तर तिला वजन येईल, आणि शाळेतल्या एका ग्रुपवर विचारलंत तरी ते सापडतील.

राहिलं बँकेचं कार्ड. ते सुरक्षित आहे, कुठलंही दुकान बुडालं तरी त्याला धक्का नाही, कारण पैसे देणारी बँक आहे. अशी गिफ्ट कार्डं १०,००० रुपयांपर्यंतचीच असतात, त्यांची मुदत किमान एक वर्षाची, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि त्यातून रोख काढता येत नाही. मुदत मागच्या किंवा पुढच्या बाजूला छापलेली असते. संपली तरी बँकेकडून नूतनीकरण मागता येतं. पण कशाला थांबायचं, सांगली किंवा विट्यात कार्ड मशीन असलेल्या कुठल्याही दुकानात ते वापरून टाका. बिल करण्याआधी काउंटरवर सांगा, ‘या कार्डावर बरोबर ५,००० घ्या, वरचे रोख देते.’ असं न सांगता ५,०४० चं बिल स्वाइप केलं तर मशीन सगळाच व्यवहार नाकारतं, आणि तेवढ्यावरून कार्ड खोटं आहे असा समज करून घेऊ नका.